घंटी नव्हे, घुंगरू

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रिय ताई,

नमस्कार. दरवेळी साष्टांग लिहितो, आज नुसताच नमस्कार आहे, तेवढ्यावर भागव. इकडे आम्ही ठीक. हिची कंबर दुखायची थांबली. भावोजींचा खोकला कमी आहे का? फोनच करणार होतो, पण तुझा आवाज ऐकला की मी आठ वर्षांचा होतो आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून हे पत्र हिच्या हाती पाठवतो आहे. तू पूर्ण वाचल्याशिवाय तिने तिथून हलायचं नाही, असं बजावलं आहे.

दुकानाला सील लागल्याचं तुला कळलंच असेल. तुझ्याच आरटीओ कार्यालयाचं सील, शिक्का लगेच ओळखला. शटरवर ‘बेकायदा बदल’ असा कागद चिकटवला आहे आणि त्यात माझं आडनाव चुकवलं आहे. निदान ते तरी तू नीट सांगायचंस.

झालं असं. परवा दुपारी एक चष्मेवाला नवीकोरी इलेक्ट्रिक सायकल घेऊन आला. हवा बघून घेतली, ब्रेक आवळून घेतले, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग हळूच म्हणाला, "जरा घुंगरू काढून द्या."

माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ‘घंटी काढायची आहे’ असं म्हणतं. आमची घंटी म्हणजे मोटारीला कंपनीने घातलेली वेगाची वेसण. ती काढली की ताशी पंचवीसची सायकल पन्नास-पंचावन्नने पळते. मग कायद्याने ती सायकल राहत नाही, मोटारसायकल होते. नंबर, लायसन्स, विमा, सगळं लागतं. ते कुणालाच नको असतं, म्हणून तर सांकेतिक शब्द. पण घुंगरू म्हणणारं माणूस जगात एकच आहे. मी ही गंमत तुला जेवताना सांगितली तेव्हा हसून हसून तुला ठसका लागला होता, आणि तुझ्या तोंडी घंटीचं घुंगरू होऊन बसलं. पुढे कधीही भेटलीस की विचारायचीस, "काय रे, आज किती घुंगरं काढलीस?"

अनोळखी माणसाला मी एरवी उभं केलं नसतं. दोन-चार प्रश्न विचारले असते, उद्या या म्हणालो असतो. पण तुझा शब्द कानावर पडला आणि मला वाटलं, ताईने पाठवलं आहे. त्याला चहा पाजला. मजुरी घेणार नाही म्हणालो. झाकण परत बसवून हात पुसतो तोच त्याने खिशातून ओळखपत्र काढलं.

तू तीनदा सांगितलं होतंस, बंद कर हे. कबूल आहे. मग चौथ्यांदा सांगायचंस. दुकानात येऊन सगळ्यांसमोर दोन मुस्कटात द्यायच्या होत्यास. बाबा गेल्यावर तू मला वाढवलंस, तेवढा हक्क तुझा होताच. पण ताटावर बसून ऐकलेलं तू साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलंस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला फार लागलं आहे ताई. दुकान बंद पडलं त्याहून जास्त.

मी धुतल्या तांदळासारखा नाही. टपालवाल्या काकांना कोपऱ्यावर ज्या सायकलने उडवलं, ती माझ्या हातची होती का, असं तू मला विचारलं होतंस. मी नाही म्हणालो. होती. काका अजून काठी घेऊन चालतात. त्या दिवसापासून तू माझ्याशी कमी बोलायला लागलीस आणि मला वाटत राहिलं, कामाचा ताण असेल.

सोमवारी सुनावणी आहे. घंटी काढलेल्या सगळ्या सायकलींची यादी द्यायची, एकेक बोलावून तिला पुन्हा घंटी बसवायची, मग दुकान उघडता येईल असं साहेब म्हणाले. एक जरी लपवली तर परवाना कायमचा जाणार. यादी मी तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली. दरवेळी चाळिसावर थांबत होतो.

एक्केचाळिसावी हिरवी आहे. पुढे टोपली असलेली. तुझ्या लेकीची.

जूनमध्ये आली होती. मैत्रिणी पुढे निघून जातात म्हणाली. गळ्यात पडली की मामाचं काय होतं ते तिला चांगलं ठाऊक आहे. मी काढून दिली. जाताना म्हणाली, "मामा, आईला सांगू नकोस हं." मी तिला शब्द दिला. ब्रेक मात्र जुनेच राहिले, पंचवीसच्या वेगाला बनवलेले. त्याच ब्रेकांवर ती रोज टाकीजवळच्या उतारावरून कॉलेजला जाते. गेल्या आठवड्यात मी तिला बघितलं. भरधाव चालली होती, आणि दोन्ही हात सोडून केस बांधत होती.

उद्या तिला सायकलवर बसू देऊ नकोस. हे वाक्य सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. रागाच्या भरात पानभर खरडलं आणि ते मागे राहिलं.

यादीत एक्केचाळिसावा नंबर आज लिहिला. समोर पालकाचं नाव मागितलं आहे, तिथे तुझं घातलं. कार्यालयात तुला खाली मान घालायला लागेल. मी सूड उगवला असं तुला वाटेल. थोडासा असेलही, खोटं कशाला बोलू? पण हात सोडून चाललेली ती पोर डोळ्यांसमोरून जात नाही.

आता ती मला विचारेल, "मामा, तुला विश्वासाने सांगितलं होतं ना?" तिला काय उत्तर द्यायचं ते मला सुचत नाही. तुला माझ्यासाठी सुचलं असेल तर कळव. तिलाही तेच सांगेन.

तुझ्याशी बोलणं टाकलेला,
तुझाच धाकटा