रंगाच्या पाण्याचा खड्डा

मामंजी, तुमच्याशी सरळ बोलायची ही माझी पहिलीच वेळ. आपल्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे; तुम्हाला कॉफी हवी की नको, हेसुद्धा मला सासूबाईंच्या तोंडून कळायचं. देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती, पण कुंभकोणमच्या आपल्या माजघरात ते वारं अजून शिरलं नव्हतं.

मागच्या अंगणात चुलींवर कढया चढवून तुम्ही रेशीम रंगवायचात. रंगाचं पाणी पाटानं शेजारच्या पानमळ्यात जायचं आणि वेली मुळापासून कुजायच्या. मळेवाला तणतणत आला, तेव्हा तुम्ही भांडला नाहीत. पुन्हा मळ्यात रंग आला तर कढया कायमच्या उतरवीन, असा शब्द दिलात. मग पाटाच्या तोंडाशी खड्डा खणलात, त्यात वाळू आणि वर अर्धवट जाळलेली उमी, म्हणजे भाताचं तूस, दाबून भरलीत. मला अजून दिसतं: वरून लालभडक पाणी पडतंय, खालून जवळजवळ निवळ येतंय, आणि तुम्ही ओणवे होऊन बघताय, धोतर भिजल्याचंही भान नाही. फार अभिमान वाटला होता मला तुमचा. आठवड्यात उमी रंगानं भरून जायची. ती काढून वीटभट्टीत जाळायला पोचवायची, पाटाजवळ टाकायची नाही, असं तुम्ही सासूबाईंकरवी मला बजावलं होतं. डोक्यावरच्या टोपलीतून लाल थेंब ठिबकायचे, लुगडं खराब व्हायचं, आणि मी मनातल्या मनात तुमच्या नावानं चरफडायचे.

एका शनिवारी मरुदानल्लूरच्या भजनाला जायला बैलगाडी दारात उभी होती. सासूबाई ओरडतायत, "काय करूलालीस गे? गाडी निघाली की!" टोपली भरलेली, भट्टी लांब. मी ती खड्ड्याच्या पुढे, पाटातच उपडी केली आणि धावले. दुसऱ्या दिवशी मळ्यात लाल पाणी. काळी उमी चिखलात बसून गेली होती, कुणाला दिसली नाही. तुम्ही दिलेला शब्द पाळलात. कढया उतरवल्यात, खड्डा स्वतः बुजवलात. मी मागच्या दारात उभी होते. कधी नव्हे ते तुम्ही थेट माझ्याकडे वळून म्हणालात, "तुझी चूक नव्हे गे. उमीच खोटी." रीत तर तुम्हीच मोडली होती, मग मला बोलायला काय हरकत होती? मी मान खाली घातली. पुढे तुम्ही दुसऱ्याच्या दारात रेशीम रंगवत राहिलात, आणि उमीचं नाव पुन्हा काढलं नाहीत.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? घडी करून उशीखाली ठेवीन झालं. नात चेन्नईला शिकते. कारखान्याचं गढूळ पाणी भाताच्या तुसानं स्वच्छ करायचं, असलं काहीतरी तिचं काम. परवा फोनवर रंगात येऊन सांगत होती. माझ्याच्यानं राहवलं नाही, म्हटलं, तुझ्या पणजोबांनी हे केव्हाच केलं होतं. तिनं विचारलं, "मग सोडलं का गं आजी?"

"त्यांना जमलं नाही," मी म्हणाले.