नावामागे एक झुरका

प्रिय एलॉय,

आधी तक्रार, मग बाकीचं. समुद्र आमच्या गावापासून हजार मैल लांब असताना कुठल्याशा किनाऱ्यावरच्या कासवांची काळजी म्हणून आमच्या दुकानातल्या कापसाच्या काड्यांचा दांडा आता कागदाचा केलाय. कासवांचं भलं होवो. पण ही काडी स्पिरिटमध्ये बुडवली की मान टाकते, आणि कापसाचा अर्धा बोळा जिथे राहायला नको नेमका तिथेच ठेवून बाहेर येते. मग पुढच्या वेळी यंत्र तापवलं की घरभर जळक्या गोधडीचा वास. या अन्यायावर मी आमच्या साप्ताहिकातल्या माझ्या सदरात अख्खा लेख लिहिला होता. संपादक म्हणाले, "मार्ला, आपला पेपर चर्चच्या दारात वाटतात गं. काडी कशात घालतेस ते तरी गाळ." ते गाळलं तर लेखात कासवंच उरतात. म्हणून लेख तसाच राहिला आणि आता तुला लिहितेय. इतक्या वर्षांनी पत्र, आणि तेही कापसाच्या काडीवरून. तुझा पत्ता तुझ्या चुलतबहिणीने दिला. कशाला हवाय, असं तिने विचारलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

आमच्याकडे गांजा आता कायदेशीर झालाय, तुमच्या कॅन्ससात अजून बंदी आहे, त्यामुळे तू ही वस्तू पाहिली नसशील. तुझ्या वेळी कागदात गुंडाळून, गाडीची काच खाली करून भागायचं. आता लोक पाला ओढत नाहीत, त्याचा अर्क ओढतात. मधासारखा पिवळा, चिकट, छोट्या काचेच्या डबीत. तो तापवायचं यंत्र जाड पेनाएवढं असतं: खाली बॅटरी, वर नखाएवढी वाटी, वाटीच्या तळाशी तापणारी कॉइल, त्यावर टोपण आणि ओढायला काचेची नळी. बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की जागं होतं. तीन वेळा दाबलं की दिव्याचा रंग बदलतो. निळा म्हणजे मंद, हिरवा मधला, लाल म्हणजे कडक. शहाणी माणसं निळ्यावर थांबतात. लालवर अर्क जळतो, घसा सोलून निघतो, आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत माणूस म्हणतो की आत्ता कुठे काहीतरी लागलं. आमच्या घरातला माणूस लालच मागणारा आहे. ओळखलंस ना? डेप्युटी व्हर्लिन स्ट्राउड, निवृत्त. माझे डॅडी.

त्यांच्या मणक्यात कॅन्सर उतरलाय. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट दगड झालं आणि डोक्यात धुकं भरलं, तेव्हा डॉक्टरच खाली बघत म्हणाले, "नॅडीनकडे विचारून बघा." नॅडीनचं दुकान कोर्टाच्या बरोबर समोर, जिथे आधी गुरांचं खाद्य मिळायचं. त्याच्या करातून गावाला नवी ॲम्ब्युलन्स मिळाली आणि शाळेच्या जिमला छप्पर. तुला ज्या मालासाठी आत टाकलं त्या मालाने आमचं गाव बऱ्यापैकी सुधारलंय, हे तुला कळलेलं बरं. डॅडींना मी धरून दुकानात नेलं. नॅडीनला त्यांनी तिच्या तरुणपणी दोनदा पकडलं होतं. ती काउंटरवर कोपरं टेकवून म्हणाली, "या डेप्युटी. आज झडती की खरेदी?" डॅडी म्हणाले, "माझं ओळखपत्र बघ आणि तोंड बंद ठेव." तिने ओळखपत्र उजेडात धरून, उलटसुलट करून, फार सावकाश बघितलं. मग म्हणाली, "फोटोतला माणूस जरा माणसासारखा दिसतोय, पण चालवून घेते." मी इतकी हसले की डॅडींचा हात माझ्या हातातून सुटला. ते काउंटरला धरून उभे राहिले. मी लगेच पुन्हा धरलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी यंत्राबरोबरचं माहितीपत्रक कायद्याचं कलम वाचावं तसं मोठ्याने वाचलं. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करणे. नवी कॉइल रिकामीच एकदोनदा तापवणे, कारखान्याचं तेल जळून जाऊ देणे. मी रिकामं यंत्र तापवलं तर लगेच ओरडले, "माल न घालता काय जाळतेस?" मी म्हटलं, "पुरावा, डॅडी." त्यानंतर दाभणाच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढा अर्क घ्यायचा, कॉइलला दाभण न लावता वाटीत सोडायचा, टोपण ठेवायचं, मंद तापवायचं आणि गवताच्या काडीतून पाणी ओढावं तसं हलकं ओढायचं. झाल्यावर वाटी कोमट असतानाच काडीने पुसायची, गार झाली की काजळी धरून बसते. यातलं एकही काम त्यांच्या हातांना जमेना. बोटं थरथरायची, पाच वेळा दाबेपर्यंत दिवा मिचकावून विझायचा. त्यांनी पुन्हापुन्हा प्रयत्न केला. मी समोर बसून पाहत होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे हात मागे बांधणाऱ्या माणसाचे हात. शेवटी यंत्र माझ्याकडे सरकवून म्हणाले, "भरून दे."

तेव्हा मी म्हटलं, "नाव?"

त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, "ज्याला यासाठी पकडलंत, त्याचं नाव. पूर्ण."

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण लिहायला घेतलंय तर लिहिते. त्या रविवारी आमच्या टेबलावर तुझ्या ताटात दुसऱ्यांदा बटाटे डॅडींनीच वाढले होते. आणि गुरुवारी संध्याकाळी धान्याच्या कोठारापाशी तुझी पिकअप थांबवून, टॉर्च तुझ्या डोळ्यांत मारून त्यांनी विचारलं, "नाव?" तू हसलास. तुला वाटलं थट्टा आहे. "सर, मी एलॉय." "पूर्ण नाव." "एलॉय वाल्देझ, सर." "ऐकू नाही आलं." तू पुन्हा सांगितलंस. "अजून मोठ्याने." मला त्यांनी तुझ्या शेजारून उतरवून गस्तीच्या गाडीत मागे बसवलं होतं, जिथे दाराला आतून कडी नसते. मी काचेवर हात आपटत होते आणि तू हायवेच्या कडेला उभा राहून स्वतःचं नाव ओरडत होतास. तुझ्या खिशातला आजोबांचा पितळी लायटर काढून त्यांनी त्याच्या उजेडात पाल्याची पिशवी बघितली, आणि लायटर स्वतःच्या खिशात टाकला. पिशवी पुराव्यात जमा झाली. लायटर झाला नाही. तू आत असताना आमच्या अंगणातलं प्रत्येक बार्बेक्यू त्याच्यावर पेटलं. मी प्रत्येक वेळी मका भाजून खाल्ला आहे.

तर मी नाव विचारलं, आणि त्या संध्याकाळी डॅडींनी ते सहजासहजी घेतलं नाही. पाठीतली कळ उठली की खुर्चीचे हात धरायचे आणि श्वास रोखायचे. यंत्र भरलेलं, दिवा निळा, टेबलावर माझ्या बाजूला. मी चेरी पाय कापली आणि सावकाश खाल्ली. ते म्हणाले, "तू माझी मुलगी आहेस." मी म्हटलं, "हो ना, म्हणून तर जमतंय." घामाने शर्ट भिजला तेव्हा ते म्हणाले, "वाल्देझ." मी म्हटलं, "ऐकू नाही आलं."

त्या दिवसापासून आमच्या घरात तोच रिवाज झाला. आधी नाव, मग झुरका. नाव पुटपुटलं तर दिवा निळा. मोठ्याने, स्पष्ट, पूर्ण घेतलं तर हिरवा. लालसाठी मी एक वाक्य राखून ठेवलं होतं. फार मोठं नाही, "मी त्याच्याशी चुकीचं वागलो" एवढंच. ते वाक्य त्यांनी पूर्ण शुद्धीत, माझ्या डोळ्यांत बघून म्हणायचं आणि मी लाल दिवा लावायचा, अशी माझी योजना. मला त्यांच्याकडून दुसरं काहीही नको होतं; हे घरसुद्धा नको होतं. मी घाई केली नाही. नाव रुळलं की वाक्य येईल असं मला वाटायचं. गुन्हेगाराला कसं पिकू द्यायचं हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

दरम्यान यंत्राची निगा मात्र मी अशी राखली की आमच्या चर्चमधल्या चांदीच्या भांड्यांची कुणी राखत नसेल. दर रविवारी काचेची नळी आणि टोपण स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, बॅटरीला ओल लागू द्यायची नाही, आटे पुसायचे. अर्काची डबी फ्रिजच्या दारात, लोण्याशेजारी. यंत्र कायम उभं ठेवायचं, आडवं राहिलं की वितळलेला माल नळीत उतरून तुंबतो. जळक्या मक्याची चव आली की समजायचं कॉइल संपली. नळीच्या आत कडेला तपकिरी थर जमतो, तोही डॅडी खरवडून घ्यायला लावायचे. "वाया घालवू नकोस. त्यात अजून दम आहे." पूर्वी हेच गृहस्थ जप्तीची पोती सरकारी गोदामामागे पेटवायचे आणि वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून उभे राहायचे. मी त्यांना त्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, "तो कायदा होता." मी म्हटलं, "आणि हे?" ते म्हणाले, "हे औषध आहे." बोटाने नळीची कड दाखवत म्हणाले, "तिथे राहिलंय बघ."

थंडी सुरू झाली तशी त्यांच्या डोक्यातली एकेक खोली बंद व्हायला लागली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग आईचं, मग आपण डेप्युटी होतो हे. मला ते "बाई" म्हणायला लागले. "बाई, तुम्ही कधी घरी जाता?" मला वाटलं ढोंग आहे, वाक्य टाळायला. म्हणून मी जोर वाढवला. एके दिवशी त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "पूर्ण सांगा. तो कोण होता, तुम्ही काय केलंत. आज लाल लावते." त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी स्वच्छ, लहान मुलासारखं. आणि हात पुढे करून म्हणाले, "थोडा एलॉय वाल्देझ द्या ना. पाठ फार दुखतेय."

तुझं नाव त्यांना औषधाचं नाव वाटतं.

मी यंत्र भरून दिलं. कुठल्या रंगावर, ते आठवत नाही.

त्यानंतर दिवसभर तेच. कळ आली की "एलॉय". उतरली की डोळे मिटून, समाधानाने, "एलॉय वाल्देझ". माझी शिक्षा त्यांनी चघळून गोड करून घेतली. तुझ्या अपमानासाठी त्यांनी वापरलेलं नाव मी त्यांच्या घशात घातलं, आणि त्यांना ते मानवलं. तुझी वर्षं गेली, तुला नोकऱ्या मिळाल्या नाहीत, तू राज्य सोडून गेलास, आणि ज्याने हे केलं त्याला जगात बरं वाटणारी एकच गोष्ट उरली आहे ती तुझ्या नावाची. तो आता यातल्या कशालाच जबाबदार नाही. कुणाला जाब विचारू? तिथे आत कुणी राहतच नाही.

मरणाऱ्यांची शुश्रूषा करायला येणारी कोरीन नावाची नर्स रोज घरी येते. भली बाई आहे, भल्या माणसांसारखी बेसावध. तिने दोनतीनदा ऐकलं आणि मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाली, "एलॉय म्हणजे त्यांचा मुलगा ना? दूर आहे का? अहो, भांडणं काय होतच असतात. माणूस जाताना एकाच नावाचा धावा करतो तेव्हा त्याला त्या माणसाची माफी हवी असते. मुलाला कळवा." मी भांडी घासत होते. तिला खरं सांगायला अख्खी संध्याकाळ लागली असती, आणि सांगून झाल्यावर ती मला वेगळ्या नजरेने पाहू लागली असती. मी म्हटलं, "कळवते."

तर कळवलं. येऊ नकोस. आलास तर ते तुझ्याकडे हात पुढे करतील, आणि तो हात तुझ्यासाठी नसेल. परवापासून त्यांना ओढायला श्वास पुरत नाही, कोरीन जिभेखाली थेंब सोडते. यंत्र मी शेवटचं पुसून, कोरडं करून, उभं ठेवून दिलंय. शेवटचा शब्द तुझंच नाव असेल असं दिसतं, आणि ते तुला गावातल्या कुणाकडून हसतहसत कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. सोबत तुझा लायटर आहे. डॅडींच्या शर्टाच्या खिशात असायचा. आता ते शर्ट घालत नाहीत. भरलेला लायटर पोस्टात घेत नाहीत, म्हणून रिकामा करून पाठवतेय. चकमक नवी बसवली आहे, वात बदलली आहे, तेल तिकडे भरून घे. बिजागरीतली काजळी त्याच कागदी दांड्याच्या काडीने काढली. तेवढं काम तिला जमलं.

तुझीच, त्या गुरुवारपर्यंतची,
मार्ला