प्रत प्राचार्यांना

बुधवार, संध्याकाळ. जबलपूर.

तिवारीजींचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे. नुसती मान वळवली तरी बोलता येतं. तरी आज त्यांनी मला मेल पाठवला: निकालाची यादी अजून मिळालेली नाही, कृपया दखल घ्यावी. आणि प्रत प्राचार्यांना.

कॉलेजच्या ऑफिसात बारा वर्षं आम्ही शेजारी बसतो. जेवताना मी विचारलंच, "भैया, ये क्या है?"

"अरे दीदी, वो तो बस रिकॉर्ड के लिए. आप बुरा मत मानिए." असं म्हणून माझ्याच डब्यातलं लोणचं घेतलं.

म्हणजे राग नाही? मग प्राचार्यांना प्रत कशाला? यादीला उशीर झाला, हे खरंच आहे. पण सोमवारी मी तसं त्यांना तोंडी सांगितलं होतं, आणि ते "चलो, कोई बात नहीं" म्हणाले होते. ते कुठल्या रेकॉर्डात आहे?

घरी येऊन उत्तर लिहिलं. त्यात प्राचार्यांचं नाव घातलं, काढलं, परत घातलं. ठेवलं तर मीही तेच केलं. काढलं तर चूक एकट्या माझी ठरते. हे म्हणाले, "काहून एवढा विचार करून राहिली? सरळ फोन कर नं." पण फोनवर तरी काय बोलू?

उद्या माझा गुरुवार. तिवारीजींना उपास नसतो, पण माझ्या खिचडीच्या भरवशावर ते दर गुरुवारी डबा आणत नाहीत. उत्तर अजून पाठवलेलं नाही. साबुदाणा मात्र दोघांपुरता भिजवून बसले.