बोडीतला स्लायडर

सिहोरा, सोमवार संध्याकाळ

कड्यावरून उडी मारायला कोणतं पॅराशूट घ्यावं, यावर दोन महिने डोकं फोडलं. छत मोठं घेतलं, हळू उतरावं म्हणून. दोऱ्यांवरून सरकत येत छत उघडण्याचा वेग आवरणारा स्लायडर मात्र जाळीचा, कमी आवरणारा. उंची कमी, छत लवकर उघडायला हवं. चौकोनी जाळी, चार कोपऱ्यांत दोऱ्या ओवायच्या चार कड्या; एक जरी निसटली तर छत नीट उघडत नाही. अजून बसवलाही नव्हता.

आज बाबांनी त्याच चार कड्यांना सुतळ्या बांधल्या आणि बोडीच्या, शेतातल्या तळ्याच्या, पाण्यात सोडून झिंगे धरले!

मी ओरडलो, तर म्हणतात, "तुह्या सामानातलं पयल्यांदा काई कामी आलं. कायले बोंबलून राहिला?"

एक कडी जाळीतून उपटली होती. मी दाखवली. मग ओसरीत बसून, जाळं शिवायच्या दोऱ्याने त्यांनी ती परत बसवली. "घे. आता नाई तुटत."

टाके सुरेख आहेत. त्या कडीवरून बोट किती वेळा फिरवलं असेल मी. कुठून उडी मारणार, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. माझ्यासाठी आपल्या हाताने केलेली ही त्यांची पहिलीच वस्तू.

आणि हिच्या भरवशावर मी उडी मारू शकत नाही.