पट्टीचे अठरा सेकंद

९ मार्च, रविवार सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? नव्या जागी पांघरूण पुरतं का? इकडे आम्ही ठीक. तुझ्या भाऊजींनी बाथरूमचा गळका नळ स्वतः दुरुस्त केला; आता शेजारचाही गळतो.

तुझ्या पट्टीबद्दल लिहायला बसलेय. फोनवर सांगायला घेतलं की तू 'बरं, बरं' म्हणतोस आणि मी तेवढ्यावर सुटते. म्हणून हे पत्र. फोटो काढून पाठवते. पूर्ण वाच.

तिच्या मणक्यातली गादी झिजलीय, हे तुला माहीत आहे. अशा लांबुडक्या, आखूड पायांच्या कुत्र्यांना ते होतं. तू तिला माझ्याकडे ठेवून नोकरीवर गेलास म्हणून नाही झालं. डॉक्टरांनी दुखण्याच्या आणि सुजेच्या गोळ्या दिल्या आणि सहा आठवडे पिंजरा सांगितला. एकही गोळी मी चुकवली नाही. वेळ, खाणं, शी-शू, सगळं डायरीत आहे. तू मला 'जेलरबाई' म्हणायला लागलास तेव्हा मीही हसले.

डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, "ताई, गोळ्यांनी दुखणं थांबेल, गादी भरून येणार नाही. तिला बरं वाटायला लागलं ना, की जास्त सांभाळा."

नवव्या दिवशी तिला बरं वाटायला लागलं. शेपटी जाळीवर आपटत होती. नेमका तुझा वाढदिवस होता.

तो व्हिडिओ तू रोज जेवताना बघतोस म्हणालास. कान उडवत खोलीभर धावणारी पट्टी आणि मागून माझा आवाज, "बघ रे, कोण धावतंय!" तो अठरा सेकंदांचा आहे. एकोणिसाव्या सेकंदाला ती सोफ्यावर चढली आणि मी "अगं, नको" म्हणेपर्यंत तिनं खाली उडी मारली. एकदाच ओरडली. मी तिला उचलून पिंजऱ्यात ठेवलं आणि शेवटचा तुकडा कापून तुला व्हिडिओ पाठवला. त्या वेळी मला ते सुचलं, धाकट्या.

संध्याकाळी तिचा मागचा पाय मुडपायला लागला. मी डॉक्टरांना फोन केला.

"पिंजऱ्यातच होती ना?"

"हो."

"मग घाबरू नका. डोस जरा बदलू, सकाळी घेऊन या."

सकाळी दोन्ही पाय गेलेले होते. काल मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा एखाद्या कुत्र्यानं उडी मारली असती तर? "तर त्याच संध्याकाळी ऑपरेशनला पाठवलं असतं," म्हणाले.

त्या दिवशीची माझी नोंद: 'पिंजऱ्यात शांत. गोळ्या दोनदा.' वीस वर्षं डायरी लिहितेय. ती कुणी वाचत नाही. तरी तिथेसुद्धा.

तुला मी 'जरा अशक्त आहे' एवढंच सांगत आले. खरं असं आहे की आठ दिवस तिचं मागचं अंग लुळं आहे. डॉक्टर पंजा चिमट्यात दाबतात, ती वळूनही बघत नाही. लघवी मी पोट दाबून काढते. आता गोळ्यांनी काही होणार नाही, ऑपरेशनची वेळही गेली. एकतर चाकांची गाडी लावून जन्मभर सांभाळायचं, नाहीतर तिला जाऊ द्यायचं. उद्या अकराला ते निर्णय विचारणार आहेत. काल त्यांनी संमतीचा फॉर्म माझ्यापुढे केलाही. तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, "ताई, तुला योग्य वाटेल ते कर." पण ज्या ताईला तू ते म्हणाला असतास, ती मी नाही.

मी हाक मारली की ती अजून पुढचे पाय रोवत, अंग ओढत माझ्याकडे येते. आनंदानं येते रे. तेवढं बघवत नाही.

तुझ्या भाऊजींना रात्री सांगितलं. त्यांनी पाणी आणून दिलं. उद्या डॉक्टरांनाही सांगणार आहे.

अकराच्या आत फोन कर. मला जे बोलायचं ते बोल, पण आधी तिचं ठरव.

सहीआधी 'तुझी' लिहायला घेतलं होतं. तो शब्द तुझ्यावर सोडते.

ताई