दारातल्या चपला

ऑकलंड, रविवार

प्रिय आईस, तुझ्या पेनिनाचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? तारोच्या कंदांची लावणी एकटीने करत बसू नकोस.

एक गोष्ट मनातून जात नाही. मार्चमध्ये आम्ही नर्स वस्तीत घरोघरी फिरून, कोण कोण राहतं ते लिहून मुलांचे घसे तपासत होतो. एका घरी सेफिना नावाची बाई म्हणाली, "आम्ही पाचच गं. लिही आणि चहा घे." दारात चपलांचे चौदा जोड होते. इतकी माणसं आहेत असं लिहिलं तर घरमालक घर खाली करायला लावेल, ही तिची भीती मला कळत होती. शिवाय ज्याच्या घरी चहा प्यायचा त्याला खोटं पाडायचं नाही, हे तूच शिकवलंस. मी पाच लिहिलं.

तिची नऊ वर्षांची भाची लागी तेव्हा मागच्या खोलीत लपली होती. तिचा घसा तपासायचा राहिला आणि घशातलं दुखणं हृदयापर्यंत गेलं. आता कित्येक वर्षं दर महिन्याला इंजेक्शन. ते मीच देते.

काल इंजेक्शन द्यायला गेले. चौदाही जोड सेफिनाने दाराबाहेर ओळीने मांडून ठेवले होते, सगळ्यात पुढे लागीचा.

आजच्या प्रार्थनेत लागीचं नाव घे. जमलं तर माझंही.

तुझी,
पेनिना