चौथीची भिंत

भाऊजी यांस,

शाळेच्या इतिहासाच्या फलकासाठी माहिती लिहून द्या म्हणालात. एका खोलीत चार इयत्ता बसायच्या, प्रत्येकीचं तोंड आपापले धडे लिहिलेल्या भिंतीकडे. मी खिडकीत धान्य निवडत पहिलीची भिंत वाचायला शिकले, मग दुसरीची. हे शिकवता शिकवता मला चिडवायचे, "काय बाई, यंदा पास होणार ना?"

चौथीच्या भिंतीला तडा गेला तेव्हा हे तुमच्याकडे आले. गावचा कारभार तुमच्या हातात. तुम्ही हसलात, "दादा, शाळा आहे ती, राजवाडा नव्हे. घे लिंपून." यांनी लिंपलं, मुलांना तिथून उठवलं आणि त्या रिकाम्या जागेत स्वतः बसले. भिंत पडली तेव्हा एकटे हेच गेले.

फलकावर तुम्हाला "वादळात भिंत कोसळली" असं हवंय. त्या दिवशी झाडाचं पानही हललं नव्हतं. पण आम्ही दोघी मायलेकी तुमच्या घरात जेवतो. म्हणून हा कागद चुलीत जाईल आणि दुसऱ्यावर मी वादळ लिहीन.

पोर तेव्हा रांगत होती. आता फलक वाचून विचारेल, "आई, फार मोठं वादळ होतं का गं?"

मी हो म्हणेन.

तुमच्या छपराखाली राहणारी,
वहिनी